मीठ ठेवलंत, मेहनत सोडलीत

दवाखान्यात गेलं की बीपी वाढतं, म्हणून आम्ही मोजतच नाही. हे कारण तुम्ही मला सांगता? मला, जिने तुम्हाला आठवीपासून शास्त्र शिकवलं? मोजणं टाळलं म्हणून मोजायची गोष्ट नाहीशी होत नाही, एवढंही डोक्यात राहिलं नसेल तर मी वर्गात घसा कोरडा केला तो कशासाठी?

डॉक्टरसमोर बसल्यावर काहींचं प्रेशर चढतं, हे खरं आहे. त्यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला टेकवलेला. आधीचा अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. लघवी तुंबवून बसायचं नाही. दोनदा मोजायचं आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी जाऊन पुन्हा मोजायचं. घरी यंत्र घ्यायची ऐपत असेल तर घरी मोजून वहीत लिहायचं. एवढं सगळं करूनही वरचा आकडा वारंवार 140 च्या किंवा खालचा 90 च्या वर येत असेल, तर त्याचं खापर डॉक्टरच्या पांढऱ्या कोटावर फोडू नका. तो आकडा तुमचा आहे.

मी डॉक्टर नाही. कुणाला कोणती गोळी, किती, हे डॉक्टरच ठरवतील आणि तुम्ही त्यांचंच ऐकायचं. पण तुम्ही जे वागता आहात त्यात समजायला अवघड असं काही नाही. चाळिशी-पन्नाशीची माणसं तुम्ही. कुणाचं तारकर्लीला न्याहारी-निवास, कुणाची देवबागला पर्यटकांची बोट, कुणी एसटीत, कुणी पंचायत समितीत, कुणाच्या आंब्या-काजूच्या बागा. बोटीच्या इंजिनाचं तेल खेप मारायच्या आधी तपासता. इंजिन भर समुद्रात बंद पडेपर्यंत वाट बघत नाही. मग स्वतःच्या छातीतल्या यंत्राच्या बाबतीतच ही वाट बघणं कुठून आलं?

"पण बाई, मला काही त्रासच नाही." हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता ते ऐकलं तरी संताप येतो. अरे, हा आजार दुखत नाही, हीच तर त्याची खोड आहे. रक्त धमन्यांच्या भिंतींवर जास्त जोराने दाबत राहतं आणि त्या भिंती कडक होत जातात. आतलं नाजूक अस्तर खरवडलं जातं आणि तिथे चरबी साचायला जागा मिळते. हृदयाचा डावा कप्पा, तोच जो आकृतीत जाड भिंतीचा काढायला मी सांगायचे, तो या दाबाविरुद्ध रोज रक्त ढकलता ढकलता आणखी जाड होतो. जाड झालेला स्नायू ताठर होतो, नीट सैलावत नाही, आणि शेवटी दमतो. मूत्रपिंडातल्या केसासारख्या वाहिन्या खराब होतात. डोळ्याच्या पडद्यावरच्या होतात. मेंदूतल्या होतात. यातलं काहीही होताना दुखत नाही. दुखतं तेव्हा बहुतेक नुकसान होऊन गेलेलं असतं. डोकं दुखलं की गोळी घेईन म्हणणाऱ्याने नीट ऐकावं: बहुतेकांचं डोकं दुखतच नाही.

आणि हा धोका लहान नाही. दहा लाखांच्या आसपास माणसांच्या नोंदी एकत्र करून 2002 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. चाळीस ते एकोणसत्तर या वयात वरचा आकडा 20 ने वाढला की पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका दुप्पट होतो, असं त्यात दिसलं. पुन्हा 20 वाढला की पुन्हा दुप्पट. "माझं थोडंसंच वाढलंय" म्हणणाऱ्याने हा गुणाकार पाटीवर लिहून बघावा. आपण दक्षिण आशियाई माणसं तर याहून घाईत आहोत. 52 देशांतल्या एका अभ्यासात हृदयाचा पहिला झटका येण्याचं आपलं सरासरी वय 53 निघालं, बाकीच्यांचं जवळपास 59. तुमच्यातल्या कित्येकांना 53 गाठायला किती वर्षं उरली आहेत, ते तुमचं तुम्ही मोजा.

तुमच्याच वर्गातला एकजण गेला तेव्हा तुम्ही सगळे जमला होतात. "अचानक गेला," असं म्हणत होतात. काही अचानक नव्हतं. त्याला गोळी सुरू करून दिलेली होती. महिना-दीड महिना घेतली, बरं वाटलं, सोडली. त्याच्या बायकोने नंतर कपाटातून अर्ध्या भरलेल्या पट्ट्या काढून मला दाखवल्या. तुम्हालाही दाखवल्या. आणि त्यानंतरही तुमच्यापैकी किती जणांनी आपलं बीपी मोजून घेतलं? मला त्या दिवसाचं दुःख आहे, पण त्याहून जास्त राग आहे तो त्यानंतरच्या तुमच्या स्वस्थपणाचा.

आता तुम्ही कुठे राहता ते तरी नीट माहीत करून घ्या. नोव्हेंबर 2017 मध्ये देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. केंद्र आणि राज्य सरकारं, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना, सगळे त्यात होते. आधी पाच राज्यांतले फक्त 25 जिल्हे घेतले. महाराष्ट्रातले चार: सातारा, भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग. मुंबई नाही, पुणे नाही. आपला सिंधुदुर्ग. ठरलेली साधी उपचारपद्धत, आरोग्य केंद्रात मोजायची सोय, मोफत गोळ्या, प्रत्येक रुग्णाची नोंद, आणि तारीख चुकवली तर विचारणा. 2022 मध्ये या कार्यक्रमाचा संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर गौरव झाला. ज्या कामाचं जगाने कौतुक केलं ते काम पहिल्या तुकडीत तुमच्या दारात आलं, आणि तुम्ही काय करता? नर्सबाईंचा फोन आला की नंबर बघून कट करता. मला माहीत आहे. त्या नर्सबाईही माझ्याच विद्यार्थिनी आहेत.

फ्रँकलिन रूझवेल्ट ठाऊक आहेत ना? अमेरिकेचे अध्यक्ष, दुसऱ्या महायुद्धात जगातला सगळ्यात ताकदवान माणूस. 1944 च्या मार्चमध्ये त्यांचं प्रेशर 186/108 होतं. डॉक्टर दिमतीला होते, पण द्यायला खरं औषधच नव्हतं. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, झोपेची गोळी घ्या, एवढंच. 12 एप्रिल 1945 ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा मोजलेलं प्रेशर 300/190 होतं. त्यानंतर चार वर्षांनी, 1949 मध्ये, आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी सर्पगंधेचा रक्तदाबावर होणारा परिणाम ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात मांडला आणि जगभरचे डॉक्टर आपल्याकडच्या या मुळीकडे वळले. पुढे तिच्याहून सुरक्षित औषधं आली. म्हणून आता कुणी रानातून मुळ्या उपटून चघळू नका, तेही तुमच्यातला कुणीतरी करेल. सांगायचं ते असं की अमेरिकेच्या अध्यक्षाला पैसे टाकून जी गोळी मिळत नव्हती, ती तुम्हाला मसुऱ्याच्या नाहीतर आचऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. आणि तुम्ही ती खात नाही, कारण काय तर "एकदा सुरू केली की जन्माची मागे लागते."

जन्माचा आजार आहे, गोळी नव्हे. गोळी घेतल्यामुळे आकडा खाली राहतो. सोडली की तो परत चढतो. पायाला सूज आली, कोरडा खोकला लागला, चक्कर आली, तर डॉक्टरला सांगा, ते गोळी बदलून देतील. दुसऱ्या गोळ्या आहेत. पण आपल्या मनाने सोडायची नाही, शेजाऱ्याची घ्यायची नाही, आणि दोन दिवस राहिली म्हणून तिसऱ्या दिवशी तीन घ्यायच्या नाहीत. वरचा आकडा नुसता 10 ने उतरला तरी पक्षाघाताचा धोका चतुर्थांशाहून जास्त कमी होतो. "अंगावरून वारं गेलं" म्हणून ज्यांना आपण खाटेवर वर्षानुवर्षं पडलेलं बघितलं, ज्यांना सून भरवते आणि मुलगा कूस बदलून देतो, त्यातल्या कितीतरी जणांचं वारं एका गोळीने अडलं असतं.

आता तुमच्या आवडत्या युक्तिवादाकडे येते. "आमचो आजो खारो बांगडो खावन नव्वद वर्सा जगलो." जगला असेल. पण त्याच वाडीतले जे पन्नाशीत गेले त्यांची नावं का घेत नाही? त्यांना देवचाराने धरलं, कुणी काही केलं, असं म्हणून तुम्ही विषय मिटवलात. त्यांचं प्रेशर कुणी मोजलंच नव्हतं. आणि जो नव्वद जगला तो करत काय होता? रापण ओढत होता. होडीतून जाळं अर्धवर्तुळात समुद्रात टाकायचं, मग दोन्ही टोकांना वाडीतली माणसं दोरावर, टाच वाळूत रोवून, पाठ मागे टाकून तासन्‌तास ओढायचं. ते झालं की मासळी निवडायची, जाळं वाळत घालायचं, फाटलेलं शिवायचं. बाजाराला चालत. लग्नाला चालत. आंगणेवाडीच्या जत्रेला चालत. तुमची आजी डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव मासे विकत फिरत होती. त्यांच्या अंगातून घामावाटे मीठ निघत होतं आणि धमन्या रोजच्या कष्टाने लवचीक राहत होत्या. तुम्ही त्यांचं मीठ ठेवलंत आणि मेहनत सोडलीत. वर दाखला त्यांचाच देता.

"आम्हीही दिवसभर कामातच असतो." काउंटरवर बसणं हे काम आहे, व्यायाम नाही. बोटीचं हँडल धरणं हे काम आहे, व्यायाम नाही. फरक काय ते लंडनच्या बसने दाखवलं. 1953 मध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने तिथल्या दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली. एकच बस, एकाच थरातली माणसं. ड्रायव्हर पाळीभर बसून, कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत तिकिटं फाडतोय. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी होता, आणि झाला तरी उशिरा आणि सौम्य. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरातल्या हमालांवर राल्फ पाफेनबार्गर यांनी वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. जड माल उचलणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होते. बंदरातली माणसं, दोर ओढणारी, ओझी वाहणारी. तुमच्या आजाचीच जात. आणि त्याचे नातू सातबाऱ्याचा उतारा आणायला दोन गल्ल्या मोटारसायकलने जातात.

काय करायचं ते आता सांगते, आणि यावर वाद घालायचा नाही.

आठवड्याला दीडशे मिनिटं भराभर चालायचं. दिवसाला अर्धा तास, आठवड्याचे पाच दिवस. भराभर म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, अशा वेगाने. चिवल्याच्या किनाऱ्यावर चाला, वाळूत पाय रुतले की मेहनत आणखी होते. दर डिसेंबरात त्याच चिवल्याला सागरी जलतरणाच्या स्पर्धा होतात, लांबलांबून पोरं येऊन आपल्या समुद्रात पोहून जातात, आणि तुम्ही लाटांपासून हाकेवर राहूनही फक्त बक्षीस समारंभाला खुर्ची मांडता. भरड नाक्यावरून बंदर जेटीपर्यंत पायी जा. वाटेत कुणी गाडीवर बसायचा आग्रह केला तर नाही म्हणा. एवढ्याने जग बुडत नाही. नियमित चालणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाचा वरचा आकडा साधारण पाच ते आठने उतरतो. गोळीच्या जोडीला ही दुसरी गोळी आहे, गोळीच्या बदल्यात नाही.

जून ते सप्टेंबर पाऊस असतो, मग चालणार कुठे? हाही प्रश्न येणारच. पडवी आहे ना? भिंतीला पाठ लावून, खुर्चीवर बसल्यासारखं गुडघ्यात वाकून तसंच थांबायचं. आधी अर्धा मिनिट, जमेल तसं दोन मिनिटं. मध्ये थोडी उसंत, मग पुन्हा. श्वास मात्र अडवायचा नाही, दात-ओठ खायचे नाहीत. 2023 मध्ये शेकडो प्रयोगांची छाननी केली तेव्हा अशा जागच्या जागी ताणून धरण्याच्या व्यायामांनी रक्तदाब चांगला उतरलेला दिसला. सूर्यनमस्कार घाला, सावकाश. पण ज्याचं प्रेशर 180 च्या आसपास आहे त्याने आधी डॉक्टर, आधी गोळी, मग व्यायाम. शीर्षासन त्याने करायचं नाही. जड वजनं उचलून दम कोंडायचा नाही.

आणि ती क्रिकेटची स्पर्धा. वर्षभर खुर्चीत बसलेला पंचेचाळिशीचा माणूस मे महिन्याच्या उन्हात, आदल्या रात्री बसून प्यालेला, सकाळी पहिल्याच षटकात धावा काढायला पळतो. सवय नसलेल्या शरीराला एकदम झटका देणं हे हृदयविकाराला आमंत्रण आहे, हे अभ्यासांनी दाखवून दिलेलं आहे. खेळा, जरूर खेळा. पण आधी तीन महिने चाला.

मिठाचं सांगते. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा. सगळं मिळून. आमटीतलं, भाकरीतलं, लोणच्यातलं, पापडातलं, खारातल्या आंब्यांतलं, संध्याकाळच्या फरसाणातलं आणि सुक्या मासळीतलं. मासे सोडा असं मी म्हणत नाही. उलट ताजा बांगडा आणि तारली हृदयाला चांगलीच आहेत. पण ताजी मासळी दारात येत असताना रोजच्या पेजेबरोबर भाजलेला खारा बांगडा आणि वर लोणचं कशाला? सुकं करायचंच तर पाण्यात भिजत घाला, पाणी दोनदा बदला, आणि भाजीत वरून मीठ टाकू नका. सैंधव आणलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, तेही मीठच आहे. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय ते आणायचं नाही. अळणी लागतं म्हणून कुरकुर करायची नाही. काही आठवड्यांत जीभ रुळते. तंबाखूबद्दल मी बोलणारच नाही, ती बंद. मिश्रीही तंबाखूच.

आता शेवटचं, आणि हे लक्ष देऊन ऐका, कारण यात मिनिटांचा हिशोब आहे. चालताना छातीवर दडपण येतं आणि थांबलं की जातं, तर तो दम नव्हे, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री छातीत दाटून आलं, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, श्वास पुरेना, तर "गॅस झालाय" म्हणून सोडा पिऊन पडून राहायचं नाही. बाईमाणसाला आणि मधुमेह असलेल्याला छातीत न दुखताही झटका येतो. नुसती मळमळ, थकवा, धाप. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात. त्यावरचं गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. 108 ला फोन करा. आपण मालवणात राहतो. मोठ्या उपचाराला बांबोळी नाहीतर कोल्हापूर, म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त. घरात "सकाळी बघू" म्हणत घालवलेला वेळ त्या रस्त्यावर भरून काढता येत नाही. जवळच्या रुग्णालयात आधी ईसीजी काढायचा, तिथे सुरू होतात ते उपचार सुरू करून घ्यायचे, मग पुढे.

तुमच्या घरातल्या बायकांचं काय? तुम्ही निदान कुणाच्या तरी आग्रहाने शिबिरात हात पुढे करता. ती सगळ्यांना वाढून शेवटी बसते, पातेल्यात उरलेलं खारट कालवण संपवते आणि मिश्री लावून झोपते. गरोदरपणात जिचं प्रेशर वाढलं होतं तिला पुढे आयुष्यभर जास्त जपावं लागतं, हे तुमच्यापैकी एकाला तरी माहीत आहे का? आशाताई घरी येते तेव्हा तिशीवरच्या प्रत्येकाची चौकशी करायला येते. तिला ओटीवरून परत पाठवू नका. घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलवा.

सोमवारी सकाळी ग्रामीण रुग्णालयात जायचं. जे देवबागला, मसुऱ्याला, आचऱ्याला राहतात त्यांनी जवळच्या केंद्रात. केसपेपर काढा, ओळ असेल तर ओळीत उभे राहा, कुणाला फोन लावून पुढे घुसू नका. बायकोला बरोबर न्या आणि आधी तिचं मोजायला सांगा, मग तुमचं. कार्डावर पुढची तारीख लिहून देतील. संध्याकाळी मला फोन करून दोघांचे आकडे आणि ती तारीख सांगायची. ज्याचा फोन येणार नाही त्याच्या घरी मी मंगळवारी येईन.